पहिला डोस हरवतो किंवा दोनदा पडतो: ई-प्रिस्क्रिप्शनच्या वेळापत्रकातला बिघाड कसा शोधावा

वॉर्डातून फार्मसीला येणारी ही तक्रार आता पाठ झाली आहे. डॉक्टर म्हणतात, "मी सकाळी दहालाच अँटिबायोटिक टाकलं होतं." सिस्टर म्हणतात, "माझ्या ड्यू लिस्टला, आत्ता द्यायच्या औषधांच्या यादीला, ते आलंच नाही." आयटीवाले लॉग काढून दाखवतात की ऑर्डर व्यवस्थित सेव्ह झाली आहे. तिघंही खरं बोलत असतात. पेशंटला मात्र औषध रात्री मिळालेलं असतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी. याच दुखण्याची दुसरी बाजू म्हणजे तेच औषध तासाभरात दोनदा दिलं जाणं.

क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून रोज ड्रग चार्ट तपासताना मला हा प्रकार वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या टीमकडून पुन्हा पुन्हा दिसतो. सॉफ्टवेअर बदललं तरी तो जात नाही, कारण दोष एखाद्या बटणात नसतो. "दिवसातून किती वेळा" आणि "घड्याळात किती वाजता" हे दोन वेगळे निर्णय आहेत. कागदी चार्टवर दुसरा निर्णय सिस्टर अनुभवाने घ्यायच्या. सॉफ्टवेअर आलं तेव्हा तो गुपचूप एका तक्त्याकडे गेला, आणि तो तक्ता कोणी भरला हे बहुतेक रुग्णालयांत कोणालाच आठवत नाही.

आधी बिघाडाचा प्रकार ओळखा

आयटीला तिकीट टाकण्यापूर्वी त्या एका डोसच्या चार वेळा काढा: ऑर्डर कधी टाकली, फार्मसीने कधी तपासली, औषध वॉर्डात कधी पोहोचलं, पेशंटला कधी दिलं. बहुतेक प्रणालींमध्ये या चारही नोंदी असतात, फक्त त्या वेगवेगळ्या पडद्यांवर असतात. त्यात पाचवी वेळ जोडा, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या डोससाठी ठरवलेली ड्यू वेळ.

ड्यू वेळच उशिराची असेल, तर बिघाड वेळापत्रकात आहे. ड्यू वेळ बरोबर होती पण औषध पोहोचायला दोन तास लागले, तर प्रश्न इंडेंटचा (वॉर्डाने फार्मसीकडे केलेल्या मागणीचा) आणि साठ्याचा आहे. त्यासाठी सॉफ्टवेअरला हात लावू नका. पहिल्या डोसला लागणारी नेहमीची अँटिबायोटिक्स वॉर्ड स्टॉकमध्ये ठेवा. औषध वेळेत पोहोचलं आणि तरी दिलं गेलं नाही, तर सिस्टरच्या पडद्यावर काय दिसत होतं ते त्यांच्याच लॉगिनने, त्यांच्या शेजारी उभं राहून बघा. डॉक्टरच्या किंवा अ‍ॅडमिनच्या लॉगिनने पाहिलेला पडदा वेगळा असतो आणि तिथे सगळं ठीकच दिसतं.

ओडीची ऑर्डर राउंडनंतर टाकली तर

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हा. समजा सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन ओडी, म्हणजे दिवसातून एकदा. तुमच्या प्रणालीत ओडीचा स्लॉट, म्हणजे औषध देण्याची ठरलेली वेळ, सकाळी ९ ची आहे. राउंड संपवून आरएमओ (निवासी डॉक्टर) १०.१५ ला ऑर्डर टाकतात. ९ उलटून गेले आहेत, म्हणून सॉफ्टवेअर पुढचा स्लॉट शोधतं, आणि तो थेट उद्या सकाळी ९ ला असतो. ओडीचा स्लॉट म्हणजे गावात दिवसातून एकदाच येणारी एसटी. चुकली की उद्याच. न्यूमोनियाचा पेशंट पावणेतेवीस तास अँटिबायोटिकशिवाय राहतो आणि पडद्यावर कुठेही लाल खूण दिसत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या हिशेबाने काहीच उशीर झालेला नाही.

बीडीचं, म्हणजे दिवसातून दोनदा द्यायच्या औषधाचं, नुकसान त्या मानाने कमी, पण तेही लहान नाही. सकाळी ११ ला टाकलेली ऑर्डर रात्री ८ किंवा ९ पर्यंत थांबते. सेप्सिससाठी (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या मार्गदर्शनात सेप्टिक शॉक असताना किंवा सेप्सिसची दाट शक्यता असताना अँटिमायक्रोबियल शक्यतो एका तासाच्या आत द्यावं असं म्हटलं आहे. त्या एका तासापुढे हे नऊ-दहा तास ठेवून बघा.

त्या क्षणी करायचा उपाय सोपा आहे: स्टॅट (तातडीचा) एक डोस वेगळा टाका आणि नियमित ऑर्डरची सुरुवात कधी ते हाताने निवडा. इथे बरेच जण अर्ध्यावर थांबतात. स्टॅट टाकतात आणि नियमित ऑर्डर आपल्या डीफॉल्ट वेळेवर सोडून देतात. मग बीडीचा स्टॅट डोस संध्याकाळी ७ ला पडतो आणि नियमित डोस रात्री ९ ला. दोन्ही ऑर्डरी वैध असतात, सिस्टर दोन्ही देतात, आणि त्यांची त्यात काहीच चूक नसते.

कायमचा उपाय ऑर्डरच्या पडद्यावर करावा लागतो. "पहिला डोस" नावाचा एक रकाना सक्तीचा करून घ्या आणि त्यात तीनच पर्याय ठेवा: "आत्ता", "पुढच्या स्लॉटला" आणि "आधी दिलेला आहे, अमुक वाजता". तिसरा पर्याय निवडला की वेळ विचारली जावी आणि पुढच्या डोसचा हिशेब तिथून सुरू व्हावा. विक्रेते यावर हमखास सुचवतात की एक पॉप-अप लावू, "पहिल्या डोसची वेळ तपासा" असा. तो घेऊ नका. प्रत्येक ऑर्डरला येणारा इशारा आठवडाभरात न वाचता बंद केला जातो, आणि त्याच सवयीने पुढे अ‍ॅलर्जीचा इशाराही बंद होतो. रकाना भरल्याशिवाय ऑर्डर पुढेच जात नसेल तर निर्णय घ्यावाच लागतो.

कॅज्युअल्टीतून वॉर्डात येताना

पहिल्या डोसकडे सगळ्यांचं लक्ष असतं, दुसऱ्याकडे नसतं. २०१७ मध्ये क्रिटिकल केअर मेडिसिन या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आपत्कालीन विभागातून दाखल झालेल्या सेप्सिसच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अँटिबायोटिकचा दुसरा डोस बराच उशिरा मिळाल्याचं दिसलं. डोसमधलं अंतर जितकं कमी, तितका उशीर होण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे दर ६ तासांनी द्यायच्या औषधांचे सर्वांत जास्त हाल.

असं का होतं ते एका उदाहरणात पूर्ण दिसतं. कॅज्युअल्टीत दुपारी ३.३० ला पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम स्टॅट दिलं. पेशंट वॉर्डात आला आणि ५.३० ला तिथल्या डॉक्टरांनी दर ६ तासांची ऑर्डर टाकली. स्लॉट ६, १२, ६, १२ असे. सॉफ्टवेअरने पहिला डोस संध्याकाळी ६ ला लावला. सिस्टरने कॅज्युअल्टीचा कागद पाहिला, आत्ताच तर दिलंय म्हणून तो "होल्ड" केला. पुढचा डोस रात्री १२ ला. दोन डोसमध्ये साडेआठ तास गेले. इथेही प्रत्येकाने आपल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला होता.

आमच्याकडे यासाठी एक लेखी नियम आहे, आणि तुमच्या फार्मसी अँड थेरप्युटिक्स कमिटीकडून तुमचाही मंजूर करून घ्या, कारण तोंडी नियम रात्रपाळीला पोहोचत नाही. पहिल्या डोसपासून पुढच्या स्लॉटपर्यंतचं अंतर नेमून दिलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असेल, तर तो स्लॉट सोडायचा. पण सोडल्यानंतर पुढचा स्लॉट पूर्ण अंतरापेक्षा लांब पडत असेल, तर मध्ये एक डोस घालायचा आणि हळूहळू अलीकडे सरकत स्लॉटवर यायचं. वरच्या उदाहरणात ३.३० नंतर रात्री ८.३०, मग १.३०, मग सकाळी ६. अंतरं पाच, पाच आणि साडेचार तासांची. हे अँटिबायोटिक बीटा-लॅक्टम गटातलं आहे, आणि किडनी नीट चालत असताना त्या गटात हे चालतं.

सगळ्या औषधांना हे चालत नाही, आणि यावर मी कितीही वेळा बोलायला तयार आहे. व्हँकोमायसिन, जेंटामायसिन आणि अमिकासिन, डिगॉक्सिन, हेपरिन गटातली औषधं, ओपिऑइड्स, इन्सुलिन यांचा डोस स्लॉट जुळावा म्हणून अलीकडे ओढायचा नाही. त्यांचं घड्याळ पहिल्या डोसपासून सुरू होतं आणि त्याच घड्याळावर राहतं, मग ते पहाटे ३.३० का असेना (जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र ताटाशी बांधलेलं, त्याबद्दल पुढे). व्हँकोमायसिनची ट्रफ लेव्हल, म्हणजे रक्तातली सर्वांत खालची पातळी, पुढच्या डोसच्या आधी घेतात. डोस सरकला आणि रक्त जुन्याच वेळेला गेलं, तर आलेला आकडा चुकीचा अर्थ सांगतो आणि त्या आकड्यावरून पुढचा डोस बदलला जातो. वेळ बदलली की लेव्हलची ऑर्डरही आपोआप सरकेल, अशी जोडणी होत असेल तर आधी ती करून घ्या.

डोस बदलला आणि औषध दोनदा पडलं

दोनदा पडणाऱ्या डोसांचं मूळ बहुधा "मॉडिफाय" या बटणाखाली सापडतं. नाव मॉडिफाय असलं तरी अनेक प्रणाली आतून जुनी ऑर्डर बंद करतात आणि संपूर्ण नवी तयार करतात. नव्या ऑर्डरला जुन्या ऑर्डरखाली काय दिलं गेलं हे माहीतच नसतं.

पेशंटला एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध ६० मिलिग्रॅम बीडी चालू आहे. सकाळी ९ ला दिलं. ९.४० ला रिपोर्ट आला, क्रिएटिनिन वाढलेलं, क्लिअरन्स ३० च्या खाली. डॉक्टरांनी योग्य तेच केलं, बीडीचं ओडी केलं. पण "आत्ता सुरू करा" ही खूण आधीपासूनच लागलेली होती. १० ला सिस्टरच्या लिस्टवर एनॉक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम ड्यू म्हणून आलं. जुनी ऑर्डर "बंद केलेल्या" टॅबमध्ये गेल्यामुळे ९ चा डोस समोर दिसतच नाही. किडनी बिघडली म्हणून औषध कमी करायला गेलो आणि तासाभरात दुप्पट गेलं.

तपासणी अशी करा. टेस्ट पेशंट उघडा, औषध सुरू करा, एक डोस "दिला" म्हणून नोंदवा, मग ऑर्डर बदला आणि नवी ड्यू वेळ बघा. नव्या ऑर्डरवर आधीच्या डोसची वेळ दिसते का? दिसत नसेल तर विक्रेत्याकडे मागणी नेमक्या शब्दांत करा: औषधाच्या घटकानुसार गेल्या २४ तासांत दिलेले सगळे डोस, बंद ऑर्डरींसह, देण्याच्या पडद्यावर दिसले पाहिजेत. आणि बदललेल्या ऑर्डरची सुरुवात डीफॉल्टने "पुढच्या ड्यू वेळेपासून" हवी. हे होईपर्यंत सिस्टरना टॅबचा फिल्टर "सर्व" वर ठेवायला सांगा. लिस्ट लांब होते, त्या वैतागतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. म्हणूनच हा उपाय तात्पुरता.

घटकानुसार म्हणण्याला कारण आहे. शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, तापासाठी एसओएस (गरज पडल्यास घ्यायची) पॅरासिटामॉलची गोळी, आणि ऑर्थोपेडिक्सने टाकलेलं ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलचं मिश्रण, या तीन ऑर्डरी तीन ओळींत निरपराध दिसतात. एकत्र केल्या की दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडतात.

टीडीएस आणि दर ८ तासांनी

फ्रीक्वेन्सी मास्टर नावाचा तक्ता, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला वेळा ठरवणारा तक्ता, एकदा छापून घ्या आणि फार्मसी, नर्सिंग आणि मेडिसिनची एक-एक व्यक्ती टेबलाभोवती बसवून ओळीने वाचा. माझा अनुभव असा की दोन गोष्टी हमखास सापडतात.

पहिली, टीडीएस (दिवसातून तीनदा) आणि दर ८ तासांनी या दोन्हींना एकच स्लॉट दिलेले असतात: सकाळी ८, दुपारी २, रात्री ८. जेवणाशी जोडलेल्या गोळ्यांना हे छान आहे. पण दर ८ तासांच्या अँटिबायोटिकला रात्रीचं बारा तासांचं भगदाड पडतं. मेरोपेनेमसारख्या औषधाचा परिणाम रक्तातली पातळी किती वेळ पुरेशी राहते यावर अवलंबून असतो. त्याला हे मुळीच चालत नाही. दर ८ तासांसाठी ६, २, १० असा वेगळा कोड ठेवा आणि अँटिबायोटिक्सच्या ऑर्डर सेटमध्ये टीडीएस हा पर्यायच दिसू देऊ नका.

दुसरी, सगळे महत्त्वाचे स्लॉट ८ वर टेकलेले असतात, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिस्टरच्या ड्युट्या ८ ते २, २ ते ८ अशाच असतात. ऐन हँडओव्हरच्या वेळी वॉर्डभर औषधं ड्यू होतात. जाणारी समजते येणारी देईल, येणारीला वाटतं दिलं असेल. स्लॉट ९ वर नेला तर एका बदलात गोंधळ बराच निवळतो. यासाठी नवं सॉफ्टवेअर, नवं बजेट काही लागत नाही, फक्त इन्चार्ज सिस्टरना बैठकीला बोलावावं लागतं. तसं सहसा होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे वेळापत्रक जगायचं त्यांनाच असतं.

काही औषधांना घड्याळाचा सामान्य स्लॉट लावूच नये. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट आल्यावर, ताटाची वेळ बदलली तर तीही बदलून. थायरॉइडची गोळी लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी पहाटे, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यापासून किमान चार तास लांब. रक्त पातळ करणारं वॉरफरिन संध्याकाळी, म्हणजे दिवसाचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) हातात असतो. पार्किन्सन्सचे रुग्ण घरी लेव्होडोपा ज्या वेळांना घेतात त्याच वेळा रुग्णालयातही पाळायच्या. त्यांच्या पाच वेळा आपल्या चार स्लॉटमध्ये कोंबल्या की माणूस अंथरुणातून उठू शकत नाही.

उशीर म्हणजे नक्की किती

सॉफ्टवेअर एक मिनिट उलटलं की लाल रंग दाखवत असेल, तर सिस्टर लाल रंगाकडे बघणं सोडून देतात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसने २०११ मध्ये यावर मार्गदर्शन काढलं. त्याआधी तिथे सरसकट ३० मिनिटांचा नियम लावला जात होता आणि तो पाळायच्या घाईत परिचारिकांना आडवाटा शोधाव्या लागत होत्या. नव्या मांडणीत वेळेला अत्यंत बांधलेल्या औषधांना नेमल्या वेळेच्या मागेपुढे ३० मिनिटं, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा पण चार तासांहून जवळ नसलेल्या औषधांना मागेपुढे एक तास, आणि रोज एकदा, आठवड्याला किंवा महिन्याला द्यायच्या औषधांना मागेपुढे दोन तास अशी मुभा आहे. वेळेला बांधलेल्या औषधांची यादी प्रत्येक रुग्णालयाने आपली करायची असते. ती करून लाल रंग फक्त त्या चौकटींना लावा.

याच ओघात उशिरा नोंद करण्याचं पाहून घ्या. औषध ८ ला दिलं, पण संगणक मोकळा नव्हता म्हणून १०.३० ला टिक केलं. "शेवटच्या डोसपासून ८ तास" असा हिशेब करणारी प्रणाली पुढचा डोस ६.३० ला लावते. नोंदवताना प्रत्यक्ष वेळ टाकता येते का, ते बघा. येत असेल तर सगळ्यांना शिकवा, येत नसेल तर ही मागणी यादीत वर घ्या. वॉर्डातले संगणक आणि स्कॅनर यांची घड्याळं सर्व्हरशी जुळतात का, हेही एकदा आयटीकडून पाहून घ्या.

ओटीला गेलेला पेशंट, आणि "५ दिवस"

पेशंट ऑपरेशनला हलवला की बऱ्याच प्रणालींमध्ये वॉर्डच्या सगळ्या ऑर्डरी स्थगित होतात. त्या काळातले डोस ओव्हरड्यू म्हणून दिसत नाहीत, थेट अदृश्य होतात. परत आल्यावर कोणीतरी एकेक ऑर्डर पुन्हा सुरू करावी लागते, आणि फिट्सची गोळी राहून जाते. वॉर्डात परत घेताना स्थगित ऑर्डरींची यादी समोर आल्याशिवाय ट्रान्सफर पूर्ण होऊ नये, एवढं करून घ्या.

कोर्सचे दिवस मोजण्यातही असंच होतं. सोमवारी रात्री सुरू केलेली बीडीची "५ दिवस" ऑर्डर काही ठिकाणी शुक्रवारी मध्यरात्री संपते. दहाऐवजी नऊ डोस. दिवसांऐवजी डोसांची संख्या ऑर्डरवर दिसली की हा प्रश्न मिटतो.

मेथोट्रेक्सेटबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा असतं. यादीत पहिला पर्याय ओडी असेल तर एखाद्या दिवशी रोजची ऑर्डर पडणारच, आणि रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट जीव घेतं. तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेटला डीफॉल्ट "आठवड्यातून एकदा" करा, वार सक्तीचा करा, आणि रोज हवं असेल तर कॅन्सरसाठीचं कारण लिहिल्याशिवाय ऑर्डर जाऊ देऊ नका. बाकी दुरुस्त्या बैठकीची वाट बघू शकतात. ही आजच करून घ्या.

बिघाड गेला की नाही हे कसं कळेल

तक्रारी थांबल्या यावर विसंबू नका. लोक कंटाळूनही तक्रार करणं सोडतात. एका आठवड्याच्या सर्व नव्या अँटिबायोटिक ऑर्डरींचा रिपोर्ट काढा. त्यात दोनच अंतरं मोजा: ऑर्डरपासून पहिल्या दिलेल्या डोसपर्यंत, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत. दुसरं अंतर नेमलेल्या अंतरापेक्षा पाव हिश्श्याने किंवा जास्त वाढलं असेल तर ती ऑर्डर वेगळी काढून बघा. वरच्या २०१७ च्या अभ्यासातही मोठ्या उशिराची रेषा तिथेच ओढली होती. सकाळी १० ते दुपारी १ मध्ये टाकलेल्या आणि कॅज्युअल्टीतून आलेल्या ऑर्डरी वेगळ्या लावा. तिथे बिघाड असेल तर लगेच उठून दिसतो.

१९९८ च्या बोस्टनमधल्या अभ्यासात संगणकावरून ऑर्डर टाकल्याने वेळीच न अडवलेल्या गंभीर औषधचुका निम्म्याहून जास्त घटल्या होत्या, म्हणून कागदाकडे परत जा असं मी कोणाला सांगणार नाही. पण २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका प्रणालीमुळे वाढणाऱ्या चुकांच्या जोखमीचे २२ प्रकार नोंदवले होते. विक्रेत्याशी बोलताना हे दोन्ही अभ्यास जवळ ठेवा. "आमच्याकडे कोणाचीच तक्रार नाही" असं उत्तर आलं, की त्यांच्यासमोर टेस्ट पेशंट उघडा, सकाळी १०.१५ ला ओडीची ऑर्डर टाका आणि पहिली ड्यू वेळ त्यांनाच वाचायला सांगा.